उपचार चालू असतानाच मायकोसिस फंगॉइडिसच्या गाठी उठल्या: केमोच्या आधी काय ठरवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील ६१ वर्षांचे, मधुमेही. चार वर्षांपूर्वी पाठीवरच्या आणि मांड्यांवरच्या चट्ट्यांची बायोप्सी होऊन मायकोसिस फंगॉइडिस, म्हणजे त्वचेत बसलेल्या टी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग (लिम्फोमा), टप्पा १-बी (नुसते चट्टे, पण अंगाच्या बऱ्याच भागावर), असं निदान झालं. आधी लाइट थेरपी (अतिनील किरणांचा उपचार), मग दीड वर्ष आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी. चट्टे बरेच विरले होते. गेल्या दोन महिन्यांत मात्र उजव्या मांडीवर दोन आणि मानेवर एक अशा गाठी आल्या, त्यातली मांडीवरची एक फुटून वाहते आहे. ‘आजार वाढला, चॉप केमो (चार औषधांचा एकत्र संच) सुरू करू’ असं तुम्हाला सांगितलंय. नवी बायोप्सी झालेली नाही. औषध चालू असताना हे झालंच कसं, गावाहून येणं-जाणं झेपेना म्हणून लाइट बंद केली त्यामुळे झालं का, आणि केमोला हो म्हणायचं का, हे तुमचे तीन प्रश्न.

मी वडिलांना तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांच्या जागी बसून काही ठरवणार नाही. पण एक गोष्ट ठामपणे सांगतो. त्या गाठीचा तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे जाईपर्यंत चॉपला हो किंवा नाही म्हणण्यात अर्थ नाही. चार वर्षांपूर्वीचा रिपोर्ट चट्ट्यांचा आहे. आजची गाठ काय आहे, हे तो सांगू शकत नाही.

यात वेळ दवडल्यासारखं वाटेल. पण तुकडा घेऊन प्राथमिक रिपोर्ट यायला साधारण आठवडा, विशेष रंगचाचण्यांसह दोन आठवडे लागतात, आणि या आजारात तेवढे दिवस बहुतेक वेळा हाताशी असतात. चुकीची केमो सुरू झाली, तर ती निस्तरायला महिने जातात. शिवाय एकदा केमो दिल्यावर घेतलेल्या तुकड्यावरून मूळ चित्र वाचणं अवघड होऊन बसतं.

मायकोसिस फंगॉइडिसच्या रुग्णाच्या अंगावर उठलेली गाठ नेहमी एकाच कारणाची नसते. पहिली शक्यता तुमच्या डॉक्टरांच्या मनात आहे तीच. त्वचेतल्या त्याच टी-पेशी आता खोलवर साचून गाठ झाली, म्हणजे आजार चट्ट्यांच्या अवस्थेतून गाठींच्या अवस्थेत गेला. त्यातच पुढचा प्रकार म्हणजे मोठ्या पेशींत रूपांतर. नेहमीच्या लसिकापेशीच्या (टी-पेशी हा त्यांचाच प्रकार) चौपट किंवा त्याहून मोठ्या पेशी तुकड्यातल्या एकूण पेशींच्या पाव भागापेक्षा जास्त झाल्या, किंवा त्यांचे पुंजके दिसू लागले, की पॅथॉलॉजिस्ट तसं लिहितात. हे रूपांतर गंभीर आहे. ते झालं की नाही यावर पुढचं बरंच ठरतं, आणि डोळ्यांनी पाहून ते कळत नाही.

दुसरी शक्यता फार कमी लोक विचारात घेतात, म्हणून तिच्यावर थोडा वेळ घालवतो. लिम्फोमॅटॉइड पॅप्युलोसिस नावाचा एक विकार मायकोसिस फंगॉइडिसच्या जोडीने त्याच माणसात दिसू शकतो. त्यात लालसर पुळ्या किंवा छोट्या गाठी येतात, मध्ये काळपट खपली धरते, काही आठवड्यांत आपोआप बसतात, व्रण राहतो, मग दुसरीकडे नव्या येतात. सूक्ष्मदर्शकाखाली या पुळ्या आणि सीडी-३० हा खुणेचा रेणू दाखवणारं मोठ्या पेशींचं रूपांतर यांत फरक करणं कधी कधी अशक्य असतं. फरक कळतो तो गाठीच्या वागण्यावरून. आणि दोघांचं भविष्य इतकं वेगळं आहे, की एकात जोरदार उपचार लागू शकतात आणि दुसऱ्यात कधी कधी नुसतं लक्ष ठेवलं तरी पुरतं. त्यामुळे वडिलांना नीट विचारा: या तीन गाठींच्या आधी एखादी गाठ येऊन आपली आपण गेली होती का? मानेवरची सुरुवातीपेक्षा लहान झालीय का? मोबाइलमधले जुने फोटो चाळा. हे उत्तर घरच्यांकडेच असतं आणि पॅथॉलॉजिस्टला ते लिहून दिलं तर रिपोर्टची दिशा बदलू शकते. गाठी एकदाही न बसता वाढतच असतील, तर ही शक्यता मागे पडते.

तिसरी बाजू मेथोट्रेक्सेटची. गोळी आठवड्यातून एकदाच घेतात ना, हे कृपा करून पाकिटं मोजून तपासा. ‘डॉक्टरांनी दिलंय’ म्हणून आठवड्याची गोळी रोज खाल्ली जाण्याचा प्रकार आपल्याकडे नवा नाही. तसं झालं, किंवा मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं असताना वेदनाशामक गोळ्या नाहीतर को-ट्रायमॉक्सॅझोल हे प्रतिजैविक सोबत चालू असलं, तर मेथोट्रेक्सेट अंगात साचतं. मग तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घसरतात, आणि आधीचे चट्टे फुटून त्यांच्या जखमा होतात. बघणाऱ्याला वाटतं आजार चिघळला. प्रत्यक्षात औषध चिघळवत असतं. असं असेल तर हा त्याच दिवशी रुग्णालयात जाण्याचा विषय आहे. याशिवाय क्वचित, दीर्घकाळ मेथोट्रेक्सेटवर असलेल्यांत ईबीव्ही या विषाणूच्या साथीने लसिकापेशींची वेगळीच वाढ होते आणि ती औषध थांबवल्यावर विरूही शकते. म्हणून तुकड्यावर ईबीव्हीची चाचणीही मागितलेली बरी.

चौथी शक्यता साधी आहे आणि मधुमेह्यात तर मुळीच विसरायची नाही, ती म्हणजे जंतुसंसर्ग. या रुग्णांपैकी बऱ्याच जणांच्या त्वचेवर स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू ठाण मांडून असतो, आणि तो नुसता बसून राहत नाही. त्याची विषं आजारी टी-पेशींना चिथावतात. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१९ मध्ये बळावलेल्या आजाराच्या मोजक्या रुग्णांना जोरदार प्रतिजैविकं दिली, तेव्हा त्वचेवरचा आजारच काही काळ शांत झाल्याचं त्यांना दिसलं. त्याचा अर्थ सगळ्यांना प्रतिजैविकं द्या असा नाही. पण वाहणाऱ्या गाठीचा स्राव कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या चाचणीला) पाठवल्याशिवाय ‘औषध फसलं’ म्हणू नये. तुकड्याचा एक भागही जंतू, क्षयरोग आणि बुरशी यांच्या कल्चरसाठी वेगळा ठेवायला सांगा.

आता हे झालं कसं. गाठ खरोखरच आजाराची निघाली असं धरून सांगतो. मायकोसिस फंगॉइडिस हा वर्षानुवर्षं रेंगाळणारा आजार आहे. टप्पा १-एच्या बहुतेकांचं आयुष्य त्याच्यामुळे फारसं कमी होत नाही. पण पेशींचा कळप एकसारखा राहत नाही. त्यातल्या काही पेशींत नवे जनुकीय बदल साचतात, त्या औषधाला दाद देईनाशा होतात, बाकीच्या मेल्या तरी त्या उरतात आणि वाढतात. त्यामुळे पाठ स्वच्छ आणि मांडीवर गाठ, हे चित्र परस्परविरोधी नाही. औषधाने पाठीवर काम केलं आणि मांडीवरच्या एका शाखेने त्याला चुकवलं.

लाइटबद्दलची अपराधी भावना सोडा. लाइट थेरपी वरच्या थरांवर काम करते. अरुंद पट्ट्याची यूव्हीबी तर वरवरच पोचते, सोरॅलिन या औषधासह दिलेली यूव्हीए थोडी खोल जाते, पण गाठीच्या तळापर्यंत दोन्ही जात नाहीत. लाइट चालू असती तर चट्टे कदाचित आणखी ताब्यात राहिले असते. गाठ झाली नसती, असं मात्र कुणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. जुना रिपोर्ट काढून त्यात ‘फॉलिक्युलोट्रॉपिक’ असा शब्द आहे का बघा. या प्रकारात पेशी केसांच्या मुळांभोवती खोल बसतात, डोकं, मान आणि भुवयांवर जास्त दिसतात, आणि लाइट, मलम यांना कमी जुमानतात. मानेवरची गाठ पाहता मला तो प्रश्न पडलाच.

खाण्यात काय आलं, वांगं खाल्लं का, बोअरचं पाणी बाधलं का, यात शिरू नका.

जे विचारायलाच हवं ते वेगळं आहे: गेल्या दोन-तीन वर्षांत वडिलांना इसब किंवा सोरायसिस समजून कुणी सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं होतं का? आपल्याकडे हा आजार कित्येक वर्षं इसब, नायटा, सोरायसिस, आणि चट्टे पांढरट असतील तर कोड किंवा कुष्ठरोग म्हणून वागवला जातो. सावळ्या त्वचेत पांढरट चट्ट्यांचा प्रकार विशेष दिसतो. सायक्लोस्पोरिनने हा आजार झपाट्याने पसरल्याच्या नोंदी जुन्या आहेत. अलीकडे अ‍ॅटॉपिक इसबासाठी वापरलं जाणारं ड्युपिलुमॅब सुरू केल्यावर दबलेला त्वचेचा लिम्फोमा उघडा पडल्याच्या, वाढल्याच्या नोंदीही बऱ्याच आल्या आहेत. मेडिकलमधून परस्पर आणलेली स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक अशी तिहेरी मलमं तर घरोघर आहेत. ती आजार वाढवतात असं नाही, पण बायोप्सीचं चित्र पुसट करतात. तुकडा घेण्याआधी त्या जागेवरचं स्टेरॉइड मलम दोन ते चार आठवडे बंद असावं असा नियम आहे. फुटलेल्या गाठीसाठी मात्र तेवढं थांबायची गरज नाही.

उलटंही होतं, म्हणजे आजार वाढल्यासारखा दिसतो पण वाढलेला नसतो. चट्ट्यांवर नायटा बसला की कडा लाल होऊन पसरतात. खरवडून पाच मिनिटांत केओएच तपासणी (बुरशी दाखवणारी) केली तर कळतं. परदेशातल्या नातेवाइकांबद्दल विचारणारे काहीजण मोगामुलिझुमॅब या याच आजाराच्या औषधावरच्या पुरळाबद्दल लिहितात. ते औषध चालू असताना येणारं पुरळ मूळ आजारासारखंच दिसतं, कधी तुकड्यातही तसंच दिसतं, आणि ते आजाराची वाढ समजून चांगलं लागू पडलेलं औषध बंद केलं जातं. तिथे टी-पेशींचा जनुकीय ठसा जुन्या तुकड्याशी जुळतो का, हे पाहावं लागतं.

तर तपासणी कशी मागायची. सगळ्यात नव्या आणि जाड गाठीचा खोल तुकडा घ्यायला सांगा. वरचेवर खरवडलेला उपयोगाचा नाही, सुईने ओढलेल्या पेशीही पुरत नाहीत. फुटलेल्या मध्यभागातून घेऊ नका, तिथे नुसता मृत भाग मिळतो, कडेचा घ्यावा. शक्य असेल तर जुन्या चट्ट्याचाही दुसरा तुकडा घ्यावा. त्यावर पेशींवरच्या खुणेच्या रेणूंच्या रंगचाचण्या, म्हणजे सीडी-३, ४, ५, ७, ८ आणि सीडी-३० लागतं, पेशी किती वेगाने वाढताहेत ते सांगणारं केआय-६७ लागतं, आणि जमल्यास टी-पेशी रिसेप्टरची जनुकीय चाचणी. चार वर्षांपूर्वीचा मेणाचा ब्लॉक (ज्यात जुना तुकडा जपलेला असतो) त्या लॅबमधून मागून घ्या. तो तुमचा आहे, आणि दोन्ही तुकडे शेजारी ठेवून पाहिले तरच ‘तोच आजार बदलला की नवा आला’ याचं उत्तर मिळतं. त्वचेचे लिम्फोमा रोज न पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टलाही हे रिपोर्ट अवघड जातात, त्यात त्यांचा दोष नाही. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरच्या स्लाइड आणि ब्लॉक पुनर्तपासणीसाठी घेतात. पेशंटला घेऊन जाण्याआधी घरातलं कुणीतरी ब्लॉक घेऊन गेलं तरी निम्मं काम होतं.

सोबत रक्त: हिमोग्राम, एलडीएच (पेशींच्या झिजेबरोबर रक्तात वाढणारं विकर), यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या, आणि फ्लो सायटोमेट्रीवर रक्तात आजारी टी-पेशी आहेत का ते. पेट-सीटी (आजार अंगात कुठे आहे ते दाखवणारा स्कॅन) करावा. काखेत, जांघेत अवधाण (सुजलेली लसिकाग्रंथी) आलंय का हे हाताने तपासलं पाहिजे. दीड सेंटिमीटरपेक्षा मोठं असेल तर ते काढून तपासायचं. मात्र त्वचेच्या जखमेमुळेही अवधाण येतं आणि पेटमध्ये चमकतं, तेव्हा चमकलं म्हणजे पसरलंच असं घाईने मानू नका.

गाठ एक सेंटिमीटरपेक्षा मोठी आणि आजाराचीच निघाली, आणि बाकी सगळं स्वच्छ असलं, तर टप्पा २-बी होतो. आकडा लपवत नाही. लंडनच्या १५०२ रुग्णांच्या नोंदीत, जी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, १-बीचे ८४ टक्के आणि २-बीचे ४७ टक्के लोक पाच वर्षांनी हयात होते. पण त्या नोंदीतले रुग्ण आजची बरीच औषधं येण्यापूर्वीचे आहेत, आणि २-बीमध्ये तीन गाठींचा माणूस आणि तीस गाठींचा माणूस एकत्र मोजलेले असतात. बळावलेल्या आजारात कुणाला धोका जास्त हे ठरवताना चार गोष्टी पाहतात: टप्पा ४ (रक्तात, अवधाणात किंवा आतल्या अवयवांत पसरलेला), वय साठच्या वर, मोठ्या पेशींत रूपांतर, आणि वाढलेलं एलडीएच. वडिलांचं वय त्यात एक झालं. बाकी तिन्हींची उत्तरं वरच्या तपासण्यांतून येतील, म्हणूनही त्या आधी हव्यात.

आता केमोबद्दल. चॉप हा आक्रमक, पटकन वाढणाऱ्या लिम्फोमांसाठीचा संच आहे आणि तिथे त्याने माणसं वाचवलीत, त्यामुळे लिम्फोमा म्हटलं की हात तिकडे जातो. मायकोसिस फंगॉइडिसमध्ये तो तसा वागत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १०३ रुग्णांत सुरुवातीलाच संपूर्ण अंगाला इलेक्ट्रॉन किरण आणि अनेक औषधांची केमो देणं, विरुद्ध सौम्य उपचार टप्प्याटप्प्याने वाढवत नेणं, अशी थेट तुलना केली. निष्कर्ष १९८९ मध्ये आला. जोरदार गटात पूर्ण प्रतिसाद ३८ टक्के, सौम्य गटात १८. पण आयुष्यात फरक नाही, आणि त्रास मात्र कितीतरी जास्त. नंतर २०१५ मध्ये १९८ रुग्णांच्या एका आढाव्यात, केमो दिल्यावर पुढचा उपचार शोधायची वेळ मध्यमानाने ३.९ महिन्यांत आली, तर इंटरफेरॉन या प्रतिकारशक्तीला चालना देणाऱ्या इंजेक्शनवर ८.७ महिन्यांनी. म्हणजे केमोने गाठी वितळतात, घरचे खूश होतात, आणि काही महिन्यांत त्या परत येतात, तेवढ्यात पांढऱ्या पेशी घसरलेल्या असतात. या आजारात शेवटी माणूस दगावतो तो बऱ्याचदा जंतुसंसर्गाने, आणि फुटलेली त्वचा असलेल्या मधुमेह्याला चॉप देताना माझा हात अडखळतो. अवधाणात किंवा आतल्या अवयवांत पसरलेला, आठवड्याला दिसेल असा वाढणारा आजार असेल तर गोष्ट वेगळी. तिथे चॉप किंवा तत्सम केमोला जागा आहे, पण पुढच्या उपचाराकडे नेणारा पूल म्हणून.

मग तीनच गाठी असतील तर? किरणोपचार. हा आजार किरणांना विलक्षण दाद देतो. एकेका गाठीला ८ ते १२ ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक), तेही एक-दोन बैठकींत, एवढ्यावर ती बसते. पोटातल्या कर्करोगाला लागणाऱ्या मात्रेपुढे हे अगदी किरकोळ आहे. रूपांतर न झालेल्या मोजक्या गाठींसाठी हा पहिला पर्याय माझ्या मते सर्वांत शहाणा, आणि सोबत चट्ट्यांचा उपचार चालू ठेवायचा. गाठी अंगभर असतील तर संपूर्ण त्वचेला इलेक्ट्रॉन किरण, कमी मात्रेत १२ ग्रे, जे पुन्हा देता येतात. ही सोय मोजक्या केंद्रांत आहे आणि रोज उभं राहून घ्यावे लागतात, तेव्हा वडिलांची ताकद पाहून ठरवावं.

गोळ्या-इंजेक्शनांत सीडी-३० सापडलं तर ब्रेंटुक्सिमॅब वेडोटिन विचारात येतं. २०१७ च्या अल्कांझा चाचणीत किमान चार महिने टिकलेला प्रतिसाद ५६.३ टक्क्यांत मिळाला, मेथोट्रेक्सेट किंवा बेक्सारोटीन ही दुसरी गोळी घेणाऱ्यांत १२.५ टक्क्यांत. पण ब्रेंटुक्सिमॅब हातापायांच्या नसा बधिर करतं, चाचणीत दोन तृतीयांश लोकांना ते झालं. मधुमेहामुळे वडिलांच्या तळपायांना आधीच मुंग्या येत असतील तर हे सुरुवातीलाच बोला, तिसऱ्या डोसनंतर नको. किंमत फार आहे. कंपनीची सवलत योजना, जन आरोग्य योजनेत नेमकं काय बसतं, हे रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात विचारा, डॉक्टरांना ते बहुधा माहीत नसतं. एकेकटं औषध म्हणून जेमसायटाबिन किंवा लिपोसोमल डॉक्सोरुबिसिन हे इथे सहज मिळणारे पर्याय आहेत, आणि केमो द्यायचीच तर मी चॉपच्या आधी यांच्याकडे वळतो.

रूपांतर झालेलं असेल आणि वडील बाकी ठणठणीत असतील, तर भावंडाकडून मूळपेशी प्रत्यारोपणाची चौकशी लवकर करावी, सगळे पर्याय संपल्यावर नाही. फ्रान्समधल्या ९९ रुग्णांच्या २०२३ च्या अभ्यासात, प्रत्यारोपण झालेल्यांत आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ मध्यमानाने नऊ महिने होता, न झालेल्यांत तीन. आजार ताब्यात असताना केलं तरच त्याला अर्थ, आणि ६१ व्या वर्षी मधुमेहासह ते झेपेल का, हे प्रत्यारोपण करणारेच सांगतील.

तोवर घरी. वाहणारी गाठ गळू समजून कुणाला चिरू देऊ नका, आणि चरबीची गाठ म्हणून काढूनही टाकू देऊ नका. मिठाच्या निर्जंतुक पाण्याने धुवा, न चिकटणारी पट्टी लावा. वास येत असेल तर मेट्रोनिडॅझोल जेलने तो दोन-तीन दिवसांत कमी होतो. वासामुळे माणूस घरातही एका खोलीत बसून राहतो, म्हणून हे आधी करा. साखर ताब्यात आणा. अंगाला रोज दोनदा साधं पेट्रोलियम जेली किंवा तेलकट मॉइश्चरायझर लावा. केमोसाठी छातीत किंवा दंडात कायमची नळी बसवायचं सुचवलं तर ती खरंच लागते का ते विचारा, या त्वचेतून ती लवकर संसर्ग आणते. आठवड्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, शेजारी पट्टी ठेवून तिन्ही गाठींचे फोटो काढा. पुढच्या भेटीत ‘वाढली वाटते’ यापेक्षा ते उपयोगी पडतील.

मेथोट्रेक्सेट स्वतःहून थांबवू नका. पण तोंडात फोड, ताप किंवा अंगावर नव्या जखमा दिसल्या तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा आणि त्याच दिवशी हिमोग्राम करून घ्या. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, हुडहुडी भरली किंवा ते गुंगीत वाटले, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या आणि कॅज्युअल्टीत पहिल्या वाक्यातच सांगा: त्वचेचा लिम्फोमा आहे, मधुमेह आहे, मेथोट्रेक्सेट चालू आहे.